पऱ्हाटीचा कोळसा : बरडात गुण आला, काळ्यात नाही

आखाड्यावरून
जिंतूर तालुका, जि. परभणी

नमस्कार मंडळी,

जानेवारी संपत आला की आमच्या पट्ट्यात दिवेलागणीला रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना धूर दिसतो. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटून बांधावर ढीग केलेला असतो. काडी लावली की घटकाभरात रान मोकळं. मीही वीस वर्षं तेच केलं. आधी चुलीपुरती पऱ्हाटी घरी यायची, गॅस आल्यावर तीही लागेना. मागची तीन वर्षं मात्र मी ती जाळून राख करत नाही. तिचा कोळसा करतो आणि रानात घालतो. ह्यालाच हल्ली बायोचार म्हणतात.

ह्यावर व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकाच वावरात एकदाच कोळसा टाकलेला असतो आणि लगेच उत्पन्न दुप्पट झाल्याचं सांगतात. ते बघून कुणी कर्ज काढून भट्टी घेऊ नये, म्हणून हा धागा काढतोय. माझं अकरा एकर रान आहे. त्यातलं सात एकर ओढ्याकडचं भारी काळं, चार एकर वरच्या अंगाचं बरड, हातभर खोदलं की मुरूम लागतो असं. दोन्हीकडं कोळसा घातला, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी कोळसा कसा करतो ते. मी भट्टी विकत घेतलेली नाही. जमिनीत खड्डा आहे, वर पाच फूट रुंद, खाली निमुळता, तीन फूट खोल. पऱ्हाटी कडक वाळलेली पाहिजे, वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. तळाशी थोडी रचून वरून पेटवायची. जाळ चांगला धरला की पुढचा थर टाकायचा. सगळं कसब पुढचा थर कधी टाकायचा ह्यात आहे. काड्यांच्या अंगावर पांढरी राख धरायला लागली, की लगेच टाकायचा. उशीर केला तर कोळशाची राख होते, घाई केली तर धूर होतो. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, त्यामुळं खालच्या निखाऱ्याला हवा मिळत नाही आणि तो जळून संपत नाही. खालून निघणारा धूर त्याच जाळातून वर येताना पेटून जातो. नीट जमलं तर लांबून बघणाऱ्याला धूर दिसतच नाही, नुसती वरची हवा थरथरताना दिसते. २०१४ च्या सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये ह्याच तत्त्वावर कोन-टिकी नावाची शंकूसारखी लोखंडी भट्टी तयार झाली. आपल्याला मातीचा खड्डा पुरतो.

तीन तासांत खड्डा भरतो. मग विझवायचा. हे अर्धवट ठेवायचं नाही, ह्यावर खाली कुणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

चांगला कोळसा ओळखायची माझी खूण अशी: दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखा किणकिण आवाज येतो. बोटांनी चुरला की हात काळे होतात, पण नुसत्या पाण्यानं धुतले की स्वच्छ. हाताला चिकट, तेलकट लागलं आणि साबण घ्यावा लागला, तर त्यात डांबर राहिलंय. तसला कोळसा मी रानात नेत नाही, पुढच्या खड्ड्यात परत टाकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझी पहिल्या वर्षाची चूक. मी कोळसा विझवला, चुरला आणि तसाच कोरडा बरडात टाकला. कापूस उगवला, पण पंधरा दिवसांत त्या ओळी फिक्या पडल्या. शेजारच्या नुसत्या शेणखताच्या ओळी हिरव्यागार. मला वाटलं बियाणं गंडलं. नंतर समजलं की कोरा कोळसा भुकेला असतो. त्याच्या अंगभर बारीक छिद्रं असतात, आणि रानातलं नत्र, पाणी, जे मिळेल ते तो आधी स्वतःच्या पोटात घेतो. म्हणून त्याला आधी जेवू घालायचं आणि मग रानात सोडायचं.

दुसऱ्या वर्षापासून कोळसा गोठ्यात जातो. बैलांच्या आणि म्हशीच्या मागं, मूत साचतं तिथं, रोज पाटीभर पसरतो. तो मूत पितो, शेणात तुडवला जातो, सकाळी शेणाबरोबर उकिरड्यावर जातो. तीन-चार महिने तिथं मुरतो. जूनमध्ये उकिरडा फोडला की कोळसा आणि खत वेगळं ओळखू येत नाही. बरडात चार बाय दीड फुटावर सरकी लावताना प्रत्येक ठिकाणी त्याची एक ओंजळ टाकतो. रानभर फेकत नाही.

का फेकत नाही, ते हिशोबानं सांगतो. कोरडवाहू एकरातून मला साधारण दहा क्विंटल वाळली पऱ्हाटी मिळते. तिचा कोळसा पाचवा हिस्सा, म्हणजे दोन क्विंटल. विद्यापीठांच्या प्रयोगांत हेक्टरी १० टन कोळसा घातलेला वाचायला मिळतो. म्हणजे एकरी चाळीस क्विंटल. तेवढा घालायचा तर वीस एकरांची पऱ्हाटी एका एकरात गाडावी लागेल. हे आपल्याला परवडणारं नाही. पण तोच दोन क्विंटल कोळसा सव्वासात हजार झाडांच्या बुडाशी गेला, तर प्रत्येक मुळीला त्याचा सहवास मिळतो.

गुण काय आला? मागच्या खरिपात ऑगस्टात पावसानं ताण दिला तेव्हा बरडातल्या बिनकोळशाच्या ओळी दुपारी अकरालाच माना टाकायच्या. कोळशाच्या ओळींनी तशा माना टाकायला आणखी चार-पाच दिवस घेतले. पाचव्या दिवशी सर आली. बरडात ते चार दिवस म्हणजे पातं, म्हणजे फुलाआधीची कळी, गळणं आणि टिकणं एवढा फरक. पुढं तुरीलाही तसंच दिसलं.

आणि काळ्या रानात? काही नाही. दोन वर्षं घातला, ओळी खुणेच्या काठ्या लावून बघितल्या, बायकोला न सांगता कुठली ओळ कुठली ते विचारलं, तिलाही फरक सांगता आला नाही. म्हणून ह्या वर्षीपासून सगळा कोळसा वरच्या चार एकरांत.

तुमचे अनुभव लिहा. न जमलेले आधी लिहा.

---

सातमाळा

उत्तम लेख दादा. एक शंका. आपली काळी माती काळी असते ती कर्बामुळंच ना? मग ॲमेझॉनच्या जंगलातल्या लोकांनी कोळसा घालून तयार केलेली ती काळी सुपीक माती आणि आपली माती एकच झाली की. कोळशाची गरज आपल्याला मुळातच नाही असं म्हणायचं का?

---

माती_तपासनीस

सातमाळा, हा गैरसमज फार जणांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी माती परीक्षणाच्या कामात आहे, रोज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या मातीच्या पिशव्या हाताखालून जातात.

आपल्या मातीचा रंग कर्बाचा नाही. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली ही चिकणमाती आहे, तिच्यातली खनिजं आणि त्यांना घट्ट चिकटून बसलेला थोडासा सेंद्रिय अंश ह्यामुळं ती काळी दिसते. तपासायला घेतली की सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या आसपास, कित्येकदा त्याच्याही खाली. दिसायला काळीभोर, आतून उपाशी.

ॲमेझॉनची ती माती, तिथं तिला तेरा प्रेता म्हणतात, कोलंबसाच्या कितीतरी आधी तिथं राहणाऱ्या लोकांनी चुलीचा कोळसा, हाडं, खरकटं, विष्ठा असं सगळं शेकडो वर्षं टाकून घडवली. त्यातला कोळसा अजून शाबूत आहे. पण तिथली मूळ जमीन लाल, आम्ल आणि पावसानं धुऊन निघालेली. आम्ल जमिनीत कोळशातली राख चुन्यासारखं काम करते, सामू, म्हणजे पीएच, वर आणते, आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद त्या मातीत नसतेच, ती कोळसा पुरवतो. जगभरच्या प्रयोगांची एकत्र आकडेमोड २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं, आणि समशीतोष्ण देशांत काहीच नाही. उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी बहुतेक आम्ल आणि निकृष्ट होत्या. आपण उष्ण कटिबंधात आहोत म्हणून ते २५ टक्के आपल्याला लागू, असं समजू नका.

आपल्या काळ्या रानाचा सामू ८ च्या वर, चुनखडी भरपूर, आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मुळातच दांडगी. म्हणजे कोळशाची जी दोन मोठी कामं, ती इथं आधीच झालेली आहेत, एक तर गरजेपेक्षा जास्त झालेली आहे. वर राख घातली तर सामू आणखी चढायचा. सोयाबीन कोवळं असताना शिरा हिरव्या आणि पान पिवळं असं जे होतं, ते चुनखडीच्या रानात लोह मिळत नाही म्हणून. तिथं राखेचा कोळसा भरमसाट टाकणं म्हणजे त्या पिवळेपणाला आमंत्रण. आखाड्यावरून ह्यांना काळ्यात काही दिसलं नाही ह्याचं मला आश्चर्य वाटत नाही. नुकसान झालं नाही, कारण मात्रा कमी होती आणि कोळसा शेणामुतात मुरलेला होता.

बरडाची गोष्ट वेगळी. तिथं चिकणमाती कमी, पाणी थांबत नाही. तिथं कोळशाचं छिद्र न् छिद्र कामाला येतं.

अजून एक. कोळसा घातलेल्या रानाची माती तपासायला देणार असाल तर प्रयोगशाळेला तसं सांगा. आपल्याकडं सेंद्रिय कर्ब मोजायची जी नेहमीची रासायनिक पद्धत आहे, तिला कोळशातला कर्ब पूर्ण सापडत नाही. अहवालात आकडा हलला नाही म्हणून निराश होऊ नका, आणि थोडा हलला तर तो सगळा कोळशाचाच असंही धरू नका. तसंही एका एकराच्या वरच्या सहा इंच थराचं वजन नऊ लाख किलोच्या घरात असतं. दोन क्विंटल कोळशातला दीडेकशे किलो कर्ब त्यात टाकून ०.३८ चं ०.४० सुद्धा होत नाही.

ज्यांना खड्डा खणायचा नाही त्यांच्यासाठी: हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं, म्हणजे क्रीडानं, तेलाच्या २०० लिटरच्या पिंपापासून करायची साधी भट्टी विकसित केलेली आहे. पऱ्हाटी, तुराटी, एरंडाच्या काड्या, सगळ्यावर त्यांचं काम आहे. गावातला वेल्डर करून देईल.

---

गंगाकाठ
सोनपेठ

भाऊ, लेख लई मनापासून लिवलाय, पण मजुरीचं काय ते सांगितलं नाही तुम्ही. आमच्या गावात पऱ्हाटी उपटायलाच माणूस मिळना गेलंय. उपटायची, वाळवायची, वाहून खड्ड्यापशी आणायची, तीन तास जाळापाशी उभं राहायचं, मग चुरायचा, गोठ्यात टाकायचा. एवढं करण्यापरीस आम्ही ट्रॅक्टरचं श्रेडर फिरवायलोत. घंट्याभरात एकराचा भुगा, जिथल्या तिथं मातीत. धूर नाही, काही नाही. कोळसा करताना तर निम्म्याच्या वर कर्ब हवेत चाललाय की.

---

आखाड्यावरून

गंगाकाठ, मुद्दा एकदम बरोबर आहे आणि तो मी वर लिहायला हवा होता. घरची दोन माणसं धरून मला एका खड्ड्याला अर्धा दिवस जातो, एकराला दोन खड्डे. पऱ्हाटी उपटणं तर जाळायची असली तरी चुकत नाही, म्हणून ते मी धरत नाही. मजूर लावून हे काम परवडणार नाही. घरच्या माणसांच्या हाताला जानेवारी-फेब्रुवारीत काम कमी असतं, तेव्हाच परवडतं.

श्रेडर काळ्या रानात मीही फिरवतो, आणि तुमच्या गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, भारी रानाला तर माझ्या मते तेच योग्य. भुगा किड्या-गांडुळांच्या पोटात जातो, रान भुसभुशीत होतं. पण तो दोन-तीन पावसाळ्यांत संपतो. कोळसा संपत नाही, बरडात एकदा गेला की माझ्या नातवाच्या हातीही तो असेल. पऱ्हाटीतला कर्ब निम्म्याच्या वर उडतो हे खरं. जो राहतो तो मात्र टिकतो.

दुसरं म्हणजे बोंडअळी. ज्या वर्षी गुलाबी अळी जास्त होती त्या वर्षी कवडी झालेली बोंडं झाडावरच राहतात, आणि त्यात अळी झोपलेली असते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, ठेवू नका, पऱ्हाटी बांधावर रचू नका म्हणून कृषी खातं सांगतं ते ह्यामुळंच. श्रेडरमधून सगळी बोंडं चिरडली जातीलच असं नाही. खड्ड्यातल्या जाळातून मात्र काही वाचत नाही. म्हणून ज्या वावरात अळी दिसली, तिथली पऱ्हाटी मी न चुकता खड्ड्यात घालतो, रान काळं असो की बरड.

---

गंगाकाठ

बोंडअळीचं पटलं. आमच्याकडं बांधाला रचलेली पऱ्हाटी जूनपर्यंत तशीच असती, पेरणी तोंडावर आली की मग पेटवायलेत. तवर पाखरू उडून गेलेलं असतंय.

---

रानजाई
औसा

मी बाई म्हणून गोठ्याच्या बाजूनं सांगते. आमच्या बचत गटातल्या सहा जणींनी मागच्या पावसाळ्यात चुलीचा आणि तुराटीचा कोळसा गोठ्यात टाकून बघितला. पिकाचं आम्हाला इतक्यात सांगता यायचं नाही. पण पावसाळ्यात गोठ्यात शिरलं की मुताच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं, ते थांबलं. गव्हाण झाडताना नाक पदरानं बांधावं लागत नाही. खालची जमीन कोरडी राहिल्यानं आमच्या गाईचे खूर चिघळायचे तेही ह्या वर्षी झालं नाही. रोज गोठा झाडणाऱ्या बाईला हे पुरेसं आहे. उकिरड्यालाही पूर्वीसारखा उग्र दर्प नाही. नत्र हवेत जायचं ते कोळशात थांबलं असणार, असं आम्हाला कृषी सहायक ताईंनी सांगितलं.

चुरताना मात्र तोंडाला ओलं फडकं बांधा, आणि आधी कोळशावर पाणी शिंपडा. पहिल्या दिवशी आम्ही कोरडाच कुटला, दोघींना आठवडाभर खोकला.

एक विचारायचं आहे. खड्डा विझवायला पाणी किती लागतं? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पिंपभर पाणी निखाऱ्यावर ओतायचं म्हटलं की जीव होत नाही.

---

आखाड्यावरून

रानजाई ताई, खुरांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता घरी बघतो.

पाणी माझ्या खड्ड्याला दोन पिंपं लागतं, साधारण ४०० लिटर. म्हणून मी हे काम विहिरीला पाणी असताना, फेब्रुवारीच्या आत उरकतो. ते पाणी कोळशातच मुरतं आणि त्याच्याबरोबर उकिरड्यात जातं, तेवढं तरी समाधान. गोबरगॅसची रबडी असेल तर निम्मं पाणी आणि निम्मी रबडी ओता, विझवणं आणि जेवू घालणं एकाच वेळी होतं. पाणी नसेलच तर जाळ बसला की वरून वीतभर ओली माती टाकून चांगली दाबायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. कुठूनही वाफ किंवा धूर दिसला की तिथं परत माती.

---

बालाघाटचा
पाटोदा

विझवण्याबद्दल मी लिहितो, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदाच कोळसा केला. संध्याकाळी पाणी मारलं, वरून काळा दिसत होता, हात लावला तर गार. गोण्यांत भरला आणि आखाड्यावर कडब्याच्या गंजीला टेकवून ठेवला. पहाटे चारला कुत्रं भुंकायला लागलं म्हणून उठलो तर गंजी पेटलेली. एका गोणीच्या पोटात, मधोमध, कुठं तरी निखारा जिवंत राहिला होता. बाराशे पेंढ्या गेल्या. बैल दावणीला होते, दावं विळ्यानं कापून सोडले, एकाची शेपूट होरपळली. त्या उन्हाळ्यात कडबा विकत घेऊन जनावरं जगवली.

कोळसा बाहेरून गार लागतो आणि आतून धुमसत असतो. कृपा करून तो एक रात्र उघड्यावर, मोकळ्या वावरात, पातळ पसरून ठेवा. सकाळी मुठीत घेऊन बघा. गोठा, गंजी, ठिबकच्या नळ्या, ह्यांच्या जवळपास चोवीस तास नेऊ नका. मी अजूनही कोळसा करतो, पण त्या दिवसापासून गोणीत भरायच्या आधी प्रत्येक पाटीत हात घालतो.

---

आखाड्यावरून

बालाघाटकर, वाचून अंगावर काटा आला. बैल वाचले हे फार झालं. तुमची ही पोस्ट मी आमच्या गावच्या गटावर टाकू का?

---

बालाघाटचा

टाका. त्यासाठीच लिहिलंय.

---

खामकाठ
छत्रपती संभाजीनगर

शेतीपलीकडचा एक विषय काढतो. मी शहरात राहतो, घरामागून खाम नदीला मिळणारा नाला जातो. पाणी स्वच्छ करायला बायोचार वापरतात असं वाचलं. नाल्याच्या तोंडाशी गोण्या भरून ठेवल्या तर पाणी सुधारेल का? आणि माझी बहीण किनवटकडं दिली आहे, तिकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. तिनं घरच्या कोळशातून पाणी गाळून प्यायलं तर चालेल का?

---

माती_तपासनीस

खामकाठ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथं घाई महत्त्वाची आहे: नाही चालणार. पऱ्हाटीच्या किंवा बाभळीच्या कोळशाच्या अंगावर ऋण भार असतो, आणि फ्लोराइडही ऋण भाराचं. ते एकमेकांना धरत नाहीत. नायट्रेटचंही तेच. पाणी नितळ दिसेल, वास जाईल, आणि फ्लोराइड जसंच्या तसं पोटात जाईल. हा धोका सगळ्यात मोठा, कारण माणूस निर्धास्त होतो. फ्लोराइड धरतो तो हाडांचा कोळसा, त्याचं रसायन वेगळं आहे. आपल्याकडं नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेली नळगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यावर चालते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. बहिणीला आधी पाणी तपासून घ्यायला सांगा आणि पिण्यासाठी दुसरा स्रोत बघायला सांगा. घरात लहान मूल असेल तर आजच. दातांवर डाग पडतात ते ह्याच वयात, आणि ते पुसले जात नाहीत.

नाल्याचं म्हणाल तर, कोळसा शिसं, कॅडमियम, तांबं असले धातू चांगले धरतो. रंग, काही कीटकनाशकं, वास, हेही धरतो. पण धरतो म्हणजे नाहीसं करतो असं नाही. विष पाण्यातून निघून कोळशात जातं. कोळशाचं पोट भरलं की तो आणखी घेत नाही. मग तो विषारी कोळसा कुणी, कुठं न्यायचा हे आधी ठरलेलं पाहिजे. पहिल्या मोठ्या पुरात गोण्या फुटल्या तर सगळं खालच्या गावाच्या वावरात. सांडपाण्याला आधी गाळ बसवायची टाकी, मग वाळू-खडी आणि वनस्पतींचा वाफा, आणि त्या वाफ्यात एक थर कोळशाचा, अशी मांडणी केली तर तो खरंच उपयोगी पडतो. वाळूपेक्षा त्याच्या अंगाखांद्यावर जिवाणूंना बसायला जागा जास्त. घरच्या न्हाणीच्या पाण्यासाठी परसात असा वाफा करून त्यावर कर्दळ लावायला हरकत नाही.

जिथं जमिनीतच धातू गेलेत, कारखान्याच्या आजूबाजूला वगैरे, तिथं कोळसा मिसळला की पिकात चढणारा धातू कमी होतो. जमीन त्यानं शुद्ध होत नाही, विष बांधून ठेवलं जातं एवढंच. तिथं भाजीपाला न घेणं हे तरीही आलंच.

आणि कोळसा कशाचा करू नये तेही लिहून ठेवतो: रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, औषधांच्या बाटल्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, कारखान्याचा गाळ. गाळातले धातू जाळानं जात नाहीत, उलट उरलेल्या कोळशात दाट होतात.

---

खामकाठ

बहिणीला आत्ता फोन केला. ती चार महिन्यांपासून कोळसा घातलेल्या माठातलं पाणी पाजत होती, कुणीतरी सांगितलं म्हणून. बंद करायला सांगितलं. उद्या भाऊजी पाण्याचा नमुना घेऊन तालुक्याला जाणार आहेत. आभार मानायला शब्द नाहीत.

---

सातमाळा

तणनाशकाबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्या काकांनी कोळसा टाकलेल्या पट्ट्यात सोयाबीन पेरून पेंडीमिथॅलिन मारलं. तिथं तण उलट जास्त उगवलं. त्याचा संबंध असेल का?

---

माती_तपासनीस

असू शकतो. पेरणीनंतर, उगवणीपूर्वी जमिनीवर मारायची तणनाशकं मातीत मोकळी राहिली तरच काम करतात. कोळसा ती धरून बसतो. जो गुण नाल्याच्या पाण्यात कामाचा, तोच इथं आड येतो. मात्रा वाढवून मारू नका. कोळशाच्या पट्ट्यात कोळपणी-खुरपणीच धरून चला.

---

पूर्णाकाठ
वसमत

आमच्या गावात एका कंपनीची माणसं आली होती. बायोचार करा, कार्बन क्रेडिटचे पैसे खात्यात येतील म्हणाले. कोऱ्या फॉर्मवर सह्या मागत होते, सातबारा आणि आधारची झेरॉक्ससुद्धा. चुलत्यांनी दिली. वर्ष झालं, फोन उचलत नाहीत. हे क्रेडिट खरं असतं का, की सगळंच खोटं?

---

आखाड्यावरून

पूर्णाकाठ, क्रेडिट ही गोष्ट खरी आहे. पऱ्हाटी जाळली किंवा कुजली की तिच्यातला कर्ब हवेत परत जातो. कोळसा झाला की त्यातला बराचसा शेकडो वर्षं जमिनीत राहतो, आणि तेवढ्याचे पैसे द्यायला परदेशातल्या कंपन्या तयार असतात. २०२५ च्या जानेवारीत गुगलनं वराह ह्या भारतीय कंपनीशी १ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या क्रेडिटचा करार केला, तो गुजरातेतल्या वेड्या बाभळीच्या कोळशावर आहे. ती बाभूळ आपल्याकडंही गायरानांत माजली आहे.

पण हिशोब आपला आपण करावा. एक टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. माझ्या एकराच्या दोन क्विंटल कोळशात कर्ब धरा १४० किलो, म्हणजे झाला अर्धा टन. त्यातून भट्टीचा धूर, वाहतूक, तपासणी, मधल्यांचा वाटा वजा. दहा एकरवाल्याला वर्षाला पाच टनही नीट होत नाहीत. एकट्या शेतकऱ्याची ह्यावर दिवाळी होणार नाही. गावानं मिळून केलं, वजनाची नोंद ठेवली, कोळसा रानात टाकतानाचे फोटो ठेवले, तर काही हाती येईल.

चुलत्यांनी काय सही केली त्याची प्रत लेखी अर्ज करून मागा. कोऱ्या कागदावर सही कुणी कितीही गोड बोललं तरी नको. करारात तीन गोष्टी शोधा: टनाला किती रुपये, ते कोणत्या तारखेला, आणि पऱ्हाटीवर हक्क किती वर्षं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. काही करारांत तुम्ही तुमचीच पऱ्हाटी दुसऱ्याला देऊ शकत नाही असं असतं.

---

पूर्णाकाठ

चुलते म्हणतात पाच वर्षं लिहिलेली होती बहुतेक. प्रत मागतो.

---

गंगाकाठ

भाऊ, माझं पण दोन एकर बरड आहे, डोंगराकडंचं, दरसाल तिथं तूर वाळून जाती. तेवढ्याच्यासाठी करून बघावं म्हणतो. खड्डा काळ्यात खणावा का मुरमात? आणि एकदा डोळ्यानं बघितल्याशिवाय तो थर टाकायचा टाइम ध्यानात येणार नाही.

---

आखाड्यावरून

मुरमात खणा. काळ्यातला खड्डा जाळानं भेगाळतो, भेगांतून हवा शिरते आणि बुडाचा कोळसा राख होतो. माझा पहिला तसाच गेला होता.

माझी पऱ्हाटी उपटून झाली आहे, वाळायला अजून आठ-दहा दिवस. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी पहिला खड्डा लावतोय, सकाळी सातला, वारा पडलेला असतो तेव्हा. ज्यांना यायचंय त्यांनी निरोप ठेवा, फाट्यावर घ्यायला पोराला पाठवतो. पायात बूट घाला, अंगात सुती कपडे, टेरिकॉट नको. रानजाई ताई, तुमच्या गटातल्या कुणाला यायचं असेल तर लातूरहून पहाटेची एसटी धरावी लागेल, किंवा आदल्या रात्री आमच्याकडं मुक्काम करा, घरी आई आणि बायको दोघी आहेत.

---

रानजाई

आम्ही तिघी येतो. मुक्कामालाच येतो. येताना आमच्या गोठ्यातला मुरलेला कोळसा पाटीभर आणते, तुमच्या बरडात एक ओळ त्याची लावून बघा.